ध्वनितबकड्यांचा संगणकातील संग्रह : जागा, नाव आणि नोंद

(सोमाटणे, ता. मावळ, जि. पुणे येथे प्राथमिक शिक्षकांपुढे झालेल्या भाषणाचा मजकूर)



प्राथमिक शाळेच्या कपाटात नकाशे, पृथ्वीचा गोल, गणितपेटी आणि तराजू यांच्या शेजारी आणखी एक वस्तू बहुधा सापडतेच. ती म्हणजे पातळ पाकिटांत ठेवलेल्या सीडींची चळत. कोणावर कवितांच्या चाली असतात, कोणावर परिपाठाची गीते, कोणावर कवायतीचे संगीत, तर कोणावर इंग्रजी शब्दांचे उच्चार. एखाद्या पाकिटावर केवळ ‘स्नेहसंमेलन’ एवढेच लिहिलेले असते आणि साल मात्र कोठेच नसते. ही चळत नवी राहिलेली नाही, पण निरुपयोगीही झालेली नाही. पाठ्यपुस्तकातील कविता चालीवर ऐकून मुले जेवढ्या लवकर आत्मसात करतात, तेवढ्या लवकर ती नुसत्या वाचनाने करीत नाहीत, हा प्रत्येक शिक्षकाच्या नित्य अनुभवाचा विषय आहे.

परंतु या तबकड्यांचे दिवस आता मोजके उरले आहेत. नवे संगणक बहुधा सीडीच्या खणाशिवायच येतात. टॅबला तो नाही आणि वर्गात लावलेल्या मोठ्या पडद्यासही नाही. शिवाय यांतील कित्येक तबकड्या पुन्हा मागविता येणार नाहीत. मुलांसाठी शैक्षणिक कार्यक्रम तयार करणारी पुण्याची बालचित्रवाणी ही संस्था १९८४ साली सुरू झाली आणि २०१७ साली बंद झाली. तिच्या कार्यक्रमाची तबकडी ज्या शाळेत असेल, त्या शाळेने ती फुटल्यावर संस्थेकडे मागणीपत्र पाठवावे तरी कोठे? म्हणून खण असलेला एखादा जुना संगणक चालू आहे, अथवा यूएसबीने जोडावयाचा सुटा खण उसना मिळतो आहे, तोपर्यंतच तबकडीवरील ध्वनी संगणकात उतरवून घेणे शहाणपणाचे होय. असा एक सुटा खण आळीपाळीने वापरला तर केंद्रातील सर्व शाळांचे काम होऊ शकते.

हे काम अनेक शाळांनी केलेही आहे. तथापि त्यात एक विचित्र गोष्ट घडते. कपाटातील तबकडी सहसा हरवत नाही. तिच्यावरून संगणकात उतरविलेला ध्वनी मात्र हरवतो. तो पुसला जात नाही, मोडत नाही. तो संगणकातच कोठेतरी असतो, पण सापडत नाही. आणि जे सापडत नाही ते वर्गातील मुलांच्या दृष्टीने नसल्यासारखेच. या हानीचे कारण यंत्रात नसून कामाच्या क्रमात आहे. तबकडी आधी घातली जाते आणि ध्वनी ठेवावयाचा कोठे याचा विचार मागाहून होतो, किंवा होतच नाही. जागा आधी ठरवावी, नाव त्या जागेबरोबर ठरवावे आणि मगच तबकडी खणात घालावी, एवढेच या भाषणाचे सार आहे. पुढील विवेचन त्याच्या तपशिलाचे.

१. तबकडीला नाव सांगता येत नाही

फिलिप्स आणि सोनी या दोन कंपन्यांनी मिळून सिद्ध केलेली ध्वनितबकडी १९८२ साली प्रथम जपानच्या बाजारात आली. तिचा व्यास १२ सेंटिमीटर. तिच्यावर ध्वनी अंकांच्या रूपाने कोरलेला असतो. एका सेकंदात ४४,१०० वेळा ध्वनीचे मोजमाप घेऊन ते दोन वाहिन्यांवर नोंदविलेले असते. एका तबकडीवर जास्तीत जास्त ९९ भाग सामावतात. पण त्या भागांस, थोडे अपवाद सोडले तर, नावे दिलेली नसतात. पहिला, दुसरा, तिसरा एवढीच त्यांची ओळख. कविता कोणाची, गायिले कोणी, इयत्ता कोणती, हे सारे पाकिटावर छापलेले असते, तबकडीवर नसते.

यातूनच पहिली फसगत होते. विंडोज असलेल्या संगणकात अशी तबकडी उघडली म्हणजे ‘ट्रॅक ०१’, ‘ट्रॅक ०२’ अशा फाइली दिसतात. शिक्षक त्या निवडून पेन ड्राइव्हवर घेतात. काम क्षणार्धात होते आणि समाधानही वाटते. मात्र त्या ‘सीडीए’ जातीच्या फाइली प्रत्येकी अवघ्या ४४ बाइटांच्या असतात. त्यांत ध्वनी नसतो. तो तबकडीवर कोठे आहे त्याची केवळ खूण असते. तबकडी बाजूस काढताच त्या मुक्या होतात. घराचा पत्ता लिहून घेतला म्हणजे घर बरोबर आले असे होत नाही, तसाच हा प्रकार. ध्वनी खरोखर उतरवून घेण्यासाठी ‘रिप’ करण्याची सोय असलेला कार्यक्रमच वापरावा लागतो. विंडोजच्या जुन्या मीडिया प्लेअरमध्ये ती सोय आहे आणि निःशुल्क मिळणाऱ्या इतर अनेक कार्यक्रमांतही ती असते.

दुसरी फसगत नावाची. रिप करणारा कार्यक्रम तबकडीवरील भागांची संख्या व त्यांची लांबी पाहून इंटरनेटवरील यादीत तिचे नाव शोधतो. लोकप्रिय चित्रपटगीतांची तबकडी असेल तर नाव सापडण्याचा संभव असतो. शाळांसाठी निघालेल्या मराठी तबकड्या मात्र त्या यादीत क्वचितच असतात, आणि कधी कधी तर लांबी योगायोगाने जुळल्यामुळे भलत्याच तबकडीचे नाव येते. इंटरनेट नसेल तर प्रश्नच मिटला. ‘अज्ञात कलाकार’, त्याच्या आत ‘अज्ञात अल्बम’ आणि त्याच्या आत ‘ट्रॅक १, ट्रॅक २’ अशी इंग्रजी नावे देऊन संगणक मोकळा होतो. दहा तबकड्या उतरविल्या की दहा अज्ञात अल्बम तयार होतात, आणि कोणता कोणाचा हे ओळखण्यासाठी प्रत्येक भाग वाजवून पाहण्यावाचून मार्ग उरत नाही.

नाव ध्वनीबरोबर गेले पाहिजे, ही गरज नवी नाही. १९०२ साली फ्रेड गायस्बर्ग हे ग्रामोफोन कंपनीचे ध्वनिमुद्रक कलकत्त्यास आले आणि त्यांनी गौहरजान यांचे गायन मुद्रित केले. त्या काळी मेणाच्या मूळ तबकड्या जर्मनीतील हॅनोव्हर येथे पाठविल्या जात आणि रेकॉर्डी तेथे तयार होत. तेथील कारागिरांस गायिका कोण हे कसे कळावे? गाणे संपताच गौहरजान स्वतःचे नाव इंग्रजीत उच्चारीत, ते त्यासाठीच, असे सांगितले जाते. हजारो मैलांवरील अनोळखी माणसाच्या हाती आपला आवाज पडणार आहे, याची ती जाणीव होती. शाळेच्या संगणकातील ध्वनीही पुढे अनोळखी माणसाच्याच हाती पडावयाचा असतो. तो म्हणजे बदलून येणारा नवा शिक्षक.

२. तबकड्यांच्या जाती

दिसण्यात सर्व तबकड्या सारख्याच. पण उतरविण्याच्या दृष्टीने त्यांच्या चार जाती आहेत आणि प्रत्येकीचा धोका निराळा आहे.

पहिली, वर सांगितलेली ध्वनितबकडी. ती रिप करावी लागते.

दुसरी, एमपी३ फाइली असलेली तबकडी. हिच्यावर खऱ्या फाइली असतात. त्या सरळ उतरवून घेता येतात. नावेही बहुधा असतात, पण ती जशीच्या तशी विश्वासास पात्र असतातच असे नाही.

तिसरी, चलच्चित्राची व्हीसीडी. हिच्यावर ‘एमपीईजीएव्ही’ नावाचा फोल्डर असतो आणि त्यात ‘एव्हीएसईक्यू०१’ या नावाची फाइल. ध्यानात ठेवण्याची गोष्ट ही की बहुतेक प्रत्येक व्हीसीडीवर फाइलीचे नाव हेच असते. पहिल्या व्हीसीडीची फाइल एका फोल्डरात उतरविली आणि दुसरीची त्याच फोल्डरात आणली की संगणक विचारतो, जुनी काढून नवी ठेवू काय? घाईत ‘होय’ म्हटले की पहिली नाहीशी झाली. वर्गात मुले वाट पाहत असताना त्या एका ‘होय’चा अर्थ कोणाच्या लक्षात येत नाही.

चौथी, डीव्हीडी. हिच्यावर ‘व्हिडिओ_टीएस’ हा फोल्डर असतो आणि त्यात अनेक तुकडे. एका तुकड्याचा आकार एक गिगाबाइटाहून अधिक नसतो. त्या तुकड्यांची नावेही प्रत्येक डीव्हीडीवर तीच ती. हे तुकडे सुटे उचलू नयेत. सबंध फोल्डर जसाच्या तसा, त्या तबकडीसाठी केलेल्या स्वतंत्र फोल्डरात ठेवावा.

या चारही जातींस एकच नियम सुरक्षित ठेवतो : एका तबकडीला एक फोल्डर. एकाच सालात दोन तबकड्यांचे फळ ठेवावयाचे नाही.

३. जागा कोणती

संगणक विचारल्यावाचून ज्या जागी वस्तू ठेवतो ती जागा त्याच्या सोयीची असते, शाळेच्या नव्हे. मीडिया प्लेअर रिप केलेला ध्वनी ‘म्युझिक’ या फोल्डरात टाकतो. हा फोल्डर सामान्यतः सी ड्राइव्हवर आणि त्यातही ज्या नावाने संगणक उघडला आहे त्या नावाखाली असतो. दुसऱ्या शिक्षकाने निराळ्या नावाने संगणक उघडला तर त्याचा ‘म्युझिक’ फोल्डर वेगळा आणि रिकामा. डेस्कटॉपचीही तीच कथा. पडद्यावर समोर दिसते म्हणून डेस्कटॉप ही सुरक्षित जागा वाटते. प्रत्यक्षात तीही सी ड्राइव्हवरच आहे. संगणक मंद चालू लागला, मेकॅनिकाने त्यास फॉरमॅट मारला, की सी ड्राइव्हवरील सर्व गेले. मेकॅनिकाने ‘काही ठेवायचे आहे काय’ असे विचारले त्या दिवशी ते सांगू शकणारा शिक्षक बदलून गेलेला असतो.

यास्तव संग्रहाची जागा डी ड्राइव्हवर, सर्वांच्या दृष्टीस पडेल अशी असावी. ज्या संगणकात डी ड्राइव्हच नाही तेथे सी ड्राइव्हच्या अगदी वरच्या पातळीवर फोल्डर करावा. फोल्डर एकच असावा. ‘गाणी’, ‘नवीन गाणी’, ‘गाणी २’, ‘सरांची गाणी’ असे चार फोल्डर झाले की संग्रह मोडला असे समजावे.

डी ड्राइव्ह म्हणजे दुसरी प्रत नव्हे, हेही येथेच सांगितले पाहिजे. सी आणि डी ही बहुधा एकाच डिस्कची दोन दालने असतात. डिस्क बिघडली तर दोन्ही जातात. दुसऱ्या प्रतीचा विचार पुढे येईल.

४. मूळ आणि वापर

या एका मोठ्या फोल्डराच्या आत मांडणी कशी असावी? शिक्षकाच्या मनात प्रथम इयत्तेचा विचार येतो : पहिली, दुसरी, तिसरी, चौथी. वर्गात वापरण्यास ही मांडणी सोयीची आहे यात संशय नाही. परंतु संग्रहाचा पाया म्हणून ती टिकत नाही. १९६७ साली बालभारतीची स्थापना झाली, तेव्हापासून पाठ्यपुस्तके अनेकदा बदलली. जी कविता काल तिसरीस होती ती आज चौथीस असू शकते, अथवा पुस्तकातून गळलेलीही असू शकते. इयत्तेवर उभारलेली मांडणी पुस्तकाबरोबर कोसळते. तबकडी मात्र बदलत नाही. म्हणून पाया तबकडीचा असावा आणि इयत्तेची मांडणी त्यावर उभी असावी. ती पुढीलप्रमाणे :

डी ड्राइव्ह
– शाळा_ध्वनिसंग्रह
– – १_मूळ (यात ००१, ००२, ००३… असा प्रत्येक तबकडीचा एक फोल्डर)
– – २_वर्गासाठी (यात इयत्तावार फोल्डर, परिपाठ, कवायत)
– – ३_नोंद (यात संग्रहाची यादी)

‘मूळ’ या दालनात एकदा ठेवलेली वस्तू पुन्हा हलवावयाची नाही, कापावयाची नाही, तिचे नाव बदलावयाचे नाही. जनरल रजिस्टरात जशी खाडाखोड चालत नाही तसेच हे. ‘वर्गासाठी’ या दालनात मात्र मुक्त हस्ते प्रती कराव्यात. त्या चुकून पुसल्या गेल्या तरी चिंता नाही. मूळ शिल्लक आहे. येथे शॉर्टकट न ठेवता खरी प्रतच ठेवावी, कारण शॉर्टकट पेन ड्राइव्हवर घेतला तर त्याबरोबर ध्वनी येत नाही. पूर्वी सांगितलेल्या सीडीए फाइलीसारखीच त्याची गत होते.

जागेची चिंता करण्याचे कारण नाही. तबकडीवरील ध्वनी आहे तसा, म्हणजे वेव्ह रूपात ठेवला, तर एका मिनिटास सुमारे १० मेगाबाइट लागतात. एमपी३ रूपात १९२ किलोबिट या दर्जाने ठेवला तर एका मिनिटास दीड मेगाबाइटही लागत नाही. या हिशेबाने एक तासाची तबकडी सुमारे ८५ मेगाबाइटांत बसते आणि १६ गिगाबाइटांच्या पेन ड्राइव्हवर सुमारे १८० तासांचा ध्वनी मावतो. वर्गातील वापरास हा दर्जा पुरेसा आहे. ज्या ध्वनीची जगात दुसरी प्रत नाही, तो मात्र वेव्ह रूपातच जपावा.

५. नाव कसे असावे

जनरल रजिस्टरात प्रत्येक मुलास एक क्रमांक मिळतो. मूल दाखला घेऊन गेले तरी तो क्रमांक दुसऱ्या मुलास देत नाहीत. तबकडीचेही तसेच असावे. ००१ पासून तीन अंकी क्रमांक द्यावा, आणि तबकडी फुटली तरी तिचा क्रमांक रिकामाच ठेवावा. फोल्डराचे नाव प्रथम क्रमांक आणि मग विषय असे असावे : ‘००७_बालगीते’, ‘०१२_कवायत_संगीत’. आतील प्रत्येक फाइलीचे नाव दोन अंकी क्रमांकाने सुरू व्हावे : ‘०१_प्रार्थना’, ‘०२_…’.

क्रमांक दोन अंकी का? कित्येक उपकरणे नावे अक्षरानुसार लावतात. नुसते १, २, … १० असे लिहिले तर त्यांच्या दृष्टीने १ नंतर १० येतो आणि २ मागे पडतो. ०१, ०२ … १० असे लिहिले की क्रम बिघडत नाही. फाइलींच्या नावांतील अंक संगणकावर नेहमीचे इंग्रजी अंकच असावेत. काही देवनागरी आणि काही इंग्रजी अशी सरमिसळ झाली तर क्रमात गोंधळ होऊ शकतो. नावातील अक्षरे मात्र मराठी असण्यास कोणतीच हरकत नाही. ती युनिकोड पद्धतीने टंकलेली असावीत, म्हणजे दुसऱ्या संगणकावरही ती तशीच दिसतील. प्रार्थनेच्या वेळी वापरावयाच्या लहान ध्वनिक्षेपकास बहुधा मराठी अक्षरे दाखविता येत नाहीत. त्याचे काम नावाच्या आरंभीच्या क्रमांकावर चालते, आणि म्हणूनच क्रमांक आधी, नाव मागून. यांतील काही ध्वनिक्षेपक तर नाव न पाहता फाइली ज्या क्रमाने पेन ड्राइव्हवर आल्या त्याच क्रमाने वाजवितात. तेव्हा त्या क्रमाने एकेक करूनच भरणे बरे.

नावात प्रश्नचिन्ह, अपूर्णविराम, तिरकी रेघ, तारका आणि अवतरणचिन्हे विंडोज स्वीकारीत नाही. नावे आटोपशीर असावीत, कारण फोल्डरांसह सबंध मार्ग २६० अक्षरांच्या पलीकडे गेला की अनेक कार्यक्रम अडतात. ‘नवीन’, ‘अंतिम’, ‘चांगले’ ही विशेषणे नावात घालू नयेत. आज जे नवीन, ते पुढील जूनमध्ये जुने.

एक सूक्ष्म गोष्ट. एमपी३ फाइलीस दोन नावे असतात : एक बाहेरचे, फाइलीचे, दुसरे आतले, जे मोबाइल वा मीडिया प्लेअर पडद्यावर दाखवितो. बाहेरचे बदलले तरी आतले ‘ट्रॅक १’ असेच राहू शकते. फाइलीच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये जाऊन शीर्षकाच्या जागी योग्य नाव लिहिले म्हणजे हा विसंवाद मिटतो.

६. प्रत्यक्ष कृती

कामास बसण्यापूर्वी तबकडी मऊ, कोरड्या कापडाने मध्यापासून कडेकडे सरळ रेषेत पुसावी. गोल फिरवून पुसू नये. सीडीचा चकाकणारा थर छापील बाजूच्या लगत असतो, म्हणून त्या बाजूवर बॉलपेनने लिहिणे हे उलट बाजूच्या ओरखड्यापेक्षाही घातक ठरते. क्रमांक मऊ टोकाच्या मार्करने मधल्या पारदर्शक भागावर लिहावा आणि तोच पाकिटावर लिहावा.

नंतर ‘१_मूळ’ या दालनात त्या क्रमांकाचा फोल्डर तयार करावा. मीडिया प्लेअरच्या ‘ऑप्शन्स’मध्ये ‘रिप म्युझिक’ हे पान आहे. त्यावरील ‘चेंज’ हे बटण दाबून तो फोल्डर दाखवावा. त्याच पानावर रूप एमपी३ करून दर्जा ठरवावा. जुन्या विंडोजवर तेथे ‘कॉपी प्रोटेक्ट’ असा चौकोन असल्यास त्यातील खूण काढून टाकावी, अन्यथा फाइली दुसऱ्या संगणकावर वाजणार नाहीत. एवढे झाल्यावरच तबकडी खणात घालावी. पुढील तबकडीच्या वेळी फोल्डर नवा करून तो पुन्हा दाखवावा. विसर पडतो तो येथेच.

रिप झाल्यावर तीन गोष्टी पाहाव्यात. पाकिटावरील भागांची संख्या आणि फाइलींची संख्या जुळते काय? पहिला, मधला आणि शेवटचा भाग आरंभी व अखेरीस नीट वाजतो काय? आणि तबकडी बाहेर काढल्यावरही तो वाजतो काय? तिसरी तपासणी सर्वात महत्त्वाची. ती केली की सीडीएची फसगत उरत नाही. मग पाकीट समोर ठेवून नावे द्यावीत. हे काम दुसऱ्या दिवसावर टाकू नये. चौथीच्या मुलांस पाकिटावरील नावे वाचावयास सांगावीत आणि शिक्षकांनी ती टंकावीत. दहा मिनिटांत एक तबकडी पुरी होते आणि मुलांस वाचनाचा खरा उपयोगही दिसतो.

प्रत उतरल्यावर मूळ तबकडी टाकून देऊ नये. मावळात पावसाळ्याचे चार महिने भिंतींस ओल धरते. तबकड्या लोखंडी कपाटात, डबीत, उभ्या ठेवाव्यात. भिंतीस लागून नकोत.

प्रतींच्या बाबतीत कायद्याचे भान असावे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने शिकविण्याच्या ओघात शिक्षकास प्रत करण्याची मुभा दिली आहे. ती मुभा वर्गापुरती आहे. विकत घेतलेली तबकडी गावभर वाटण्यास अथवा मोबाइलवरून सर्वदूर पाठविण्यास ती लागू होत नाही.

७. गावचा आवाज

आतापर्यंत विकतच्या तबकड्यांचा विचार झाला. पण पाकिटावर नुसते ‘स्नेहसंमेलन’ लिहिलेली जी तबकडी कपाटात आहे, तिचे मोल निराळे आहे. तिच्यावर गावातीलच मुलांचे, कदाचित त्यांच्या आजीचे, भजनी मंडळाचे वा निवृत्त गुरुजींचे आवाज असतात. त्यांची प्रत बाजारात नाही. असे आवाज नीट नोंदले तर काय होते, याचे मोठे उदाहरण पुण्यातच आहे.

हेमा राईरकर आणि गी पॉइतव्हाँ या दोघांनी आपल्या सहकाऱ्यांसह पुणे जिल्ह्याच्या डोंगरी भागातून आरंभ करून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. दळताना बायका ज्या ओव्या म्हणत, त्या कोणी लिहून ठेवलेल्या नव्हत्या. पिठाची गिरणी गावोगाव आली, जाते थांबले आणि ओवीचे निमित्तच संपले. या अभ्यासकांनी व त्यांना साथ देणाऱ्या गावोगावच्या स्त्रियांनी एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. पुढे बर्नार्ड बेल यांनी ध्वनिमुद्रण व संगणकीय नोंदीच्या कामास हातभार लावला. पॉइतव्हाँ २००४ साली आणि राईरकर २०१० साली निवर्तल्या. परंतु संग्रह थांबला नाही. २०१७ पासून ‘पारी’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ग्रामीण भारताच्या संग्रहाने या ओव्या लोकांपुढे आणण्यास सुरुवात केली.

गोळा करणारी माणसे गेल्यावरही हे शक्य झाले, याचे कारण ओवी नुसती ओवी म्हणून ठेवलेली नव्हती. ती गाणारी बाई कोण, गाव कोणते, तालुका कोणता, विषय कोणता, ही नोंद तिच्याबरोबर होती. समजा, हाच लाखाचा संग्रह ‘ट्रॅक १, ट्रॅक २’ अशा नावांनी कोठेतरी पडून राहिला असता. ध्वनी तोच असता. परंतु एखाद्या नातीला आपल्या आजीची ओवी त्यातून कधीच सापडली नसती.

शाळेच्या स्नेहसंमेलनाची तबकडी लाखाच्या संग्रहाएवढी मोठी नाही, पण नियम तोच आहे. ती उतरविताना नावाबरोबर साल, गाव, प्रसंग आणि गाणाऱ्याचे नाव लिहावे. साल ठाऊक नसेल तर शाळेच्या समारंभ नोंदवहीत पाहावे, जुन्या पालकांस विचारावे. आज विचारले तर सांगणारे आहेत. उद्याचा भरवसा नाही.

८. नोंद आणि दुसरी प्रत

संग्रहाची यादी दोन ठिकाणी असावी : ‘३_नोंद’ या दालनात आणि कागदावर. कागदी नोंदीस जाड वही पुरे. तिच्यात सहा रकाने आखावेत : तबकडी क्रमांक, नाव, जात, भागांची संख्या, उतरविल्याची तारीख, शेरा. डेडस्टॉक रजिस्टरात तबकडीचा जो अनुक्रमांक आहे तोही शेऱ्यात लिहावा, म्हणजे कपाट आणि संगणक यांची सांगड बसते. वहीच्या पहिल्या पानावर संग्रहाचा पूर्ण मार्ग मोठ्या अक्षरांत लिहावा : डी ड्राइव्ह, शाळा_ध्वनिसंग्रह. संगणक बिघडला तरी वही बिघडत नाही.

दुसरी प्रत स्वतंत्र पेन ड्राइव्हवर अथवा सुट्या हार्ड डिस्कवर घ्यावी, मुख्याध्यापकांच्या कपाटात ठेवावी आणि ती कोणास उसनी देऊ नये. फिरत्या पेन ड्राइव्हला व्हायरस लागतो, आणि दुसरी प्रत ही फिरावयाची वस्तूच नव्हे. तिसरी प्रत केंद्रशाळेत ठेवता आली तर उत्तम, कारण एकाच इमारतीत ठेवलेल्या दोन प्रती एकाच चोरीत वा एकाच पुरात जाऊ शकतात. दर सत्राच्या आरंभी प्रत एकदा उघडून, कोणताही एक भाग वाजवून पाहावा आणि वहीत तारीख टाकावी.

बदली हा प्राथमिक शिक्षकाच्या जीवनाचा अटळ भाग आहे. चार्ज देताना किल्ल्या, रजिस्टरे, शालेय पोषण आहाराचा हिशेब, सारे यादीने सोपविले जाते. त्या यादीत ‘ध्वनिसंग्रह, नोंदवहीसह’ एवढी एक ओळ वाढवावी. द्विशिक्षकी शाळेत दोघेही शिक्षक एकाच वर्षी बदलले तर शाळेची स्मृती म्हणून मागे काय उरते? जे लिहिलेले असते तेवढेच.

संग्रह नीट झाला की नाही, याची कसोटी साधी आहे. नवा शिक्षक जूनमध्ये शाळेत हजर होतो. त्यास कोणी काही सांगितलेले नाही. तो वही उघडतो, संगणक सुरू करतो आणि जुन्या शिक्षकास एकही दूरध्वनी न करता, पहिली घंटा होण्यापूर्वी, परिपाठाचे गीत लावतो. एवढे घडले तर तबकडी उतरविण्याचे श्रम सार्थकी लागले असे समजावे.